तक्रारपेटीची किल्ली

(बार्शीटाकळी येथे कार्यकर्ते, शिक्षक व पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडातला शेतकरी किंवा शेतमजूर आपले मूल प्रथम शाळेत आणतो तेव्हा गुरुजींना एक वाक्य हमखास सांगतो: "गुरुजी, पोट्टं आता तुमच्या हवाली." या हवाली करण्याला कागद नसतो, साक्षीदार नसतो. बँकेत सातबारा गहाण ठेवताना हाच मनुष्य दहादा चौकशी करतो. पण मूल मात्र तो नुसत्या विश्वासावर सोडून जातो. या विश्वासावरच वऱ्हाडातील शिक्षण उभे राहिले. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालविले, शिवाजी शिक्षण संस्था उभारली, तेव्हा खेड्यापाड्यांतून मुले आली ती याच भरवशावर. तेव्हा आजचा प्रश्न सरळ आहे. हवाली घेतलेल्या मुलाबद्दल शाळेचे देणे काय, आणि ते ती फेडते की नाही, हे पाहावयाचे कोणी?

हा प्रश्न दूरचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातील काजीखेड येथील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकास अटक झाली. आठवीतल्या सहा मुलींना अश्लील चित्रफिती दाखविल्याचा आणि त्यांच्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर होता. दोष ठरविण्याचे काम न्यायालयाचे. पण त्या प्रकरणातील एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलींची कैफियत बालकल्याण यंत्रणेच्या मदत क्रमांकामार्फत पुढे आली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. शाळेत इतर शिक्षक होते, गावात पंचायत होती, कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीही असावयाची. तरी मुलींना जवळची वाटली ती एक दूरध्वनीची ओळ.

त्यापूर्वी आठ वर्षे मागे गेले तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण आहे. आदिवासी मुलींवरील अत्याचाराची ती हकीकत नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडकीस आली. कशी? दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगी घरी गेली आणि घरच्या माणसांजवळ बोलली म्हणून. त्यानंतर अटकसत्र कर्मचाऱ्यांपासून संस्थाचालकांपर्यंत पोचले. दिवाळीची सुट्टी आली नसती तर काय, हा विचार अंगावर काटा आणणारा आहे. निवासी शाळेतील मुलाला चोवीस तासांत एकही असा मनुष्य भेटत नाही, जो शाळेच्या पगारावर नाही. तेथे पालकांची भेट ही कृपा नव्हे, ती सुरक्षेची व्यवस्था आहे.

दोन्ही ठिकाणी मुलींना वाचा फुटली ती शाळेबाहेर. येथे कायदा काय सांगतो ते स्पष्टपणे मांडले पाहिजे, कारण कित्येक शिक्षकांनाही ते ठाऊक नसते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ चा. तो पॉक्सो या नावाने ओळखला जातो. त्याच्या १९ व्या कलमान्वये असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची भीती असल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांस कळविले पाहिजे. येथे मर्जीचा प्रश्न नाही. न कळविल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत. उलट, सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणताही दावा लागत नाही, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे. अब्रुनुकसानीचा खटला होईल या भीतीने गप्प बसणाऱ्या गुरुजींना हे कुणी तरी सांगावयास हवे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा, अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेश घालावयाचा नाही, मुलाचे नाव बाहेर फोडावयाचे नाही, चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवावयाचे, ही सारी व्यवस्था लिहून ठेवलेली आहे.

लिहून ठेवलेले किती पाळले जाते, हे बदलापूरने दाखविले. ऑगस्ट २०२४ मध्येच तेथील एका शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले. आईबापांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी विलंब लावला, त्यावरून उच्च न्यायालयाने कडक शब्दांत कान उपटले. २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर बसले आणि मुंबईकडची वाहतूक तासन्‌तास ठप्प झाली. तो संताप खरा होता, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु रुळावरची घोषणा फाशीची होती. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला, आणि पुष्कळांनी पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरले. मिळाले काय? त्या मुलींना न्यायालयात जे सिद्ध होताना पाहावयास मिळाले असते, ते आरोपीबरोबर संपले. शाळा कशी चालली होती, कुणाला काय कळले होते, हे प्रश्न गर्दीच्या घोषणेत नव्हतेच. माहिती दडविल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला, हीच त्या प्रकरणातली दूरगामी गोष्ट. तिच्यासाठी कोणी फटाके उडविले नाहीत.

बदलापूरनंतर शासनाने आठवडाभरातच फर्मान काढले: शाळाशाळांतून कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी करा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समित्या नेमा. या समित्यांचा आदेश तर २०२२ मध्येच निघाला होता. दोन वर्षांनी त्यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यातच त्यांची हकीकत आली. कॅमेऱ्याला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु वीजबिल थकले म्हणून जोडणी तुटलेली शाळा वऱ्हाडाला नवलाची नाही, आणि ज्या शाळेत मुलींच्या मुतारीला कडी नाही तेथे भिंतीवरचा डोळा काय राखणार? शिवाय कॅमेरा घडलेले दाखवितो. मुलाच्या मनात काय साचले आहे ते दाखवीत नाही.

आणि येथेच एका अवघड गोष्टीला हात घालावा लागतो. ती म्हणजे मार. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही निषिद्ध ठरविले. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. तरीही सभेत हा विषय निघाला की चांगली समंजस माणसेसुद्धा हसून म्हणतात, "आम्ही नाही का मार खाल्ला? म्हणून तर शिकलो." मारामुळे शिकले की मारूनही शिकले, हा हिशेब कोणी करीत नाही, आणि जे मारामुळे शाळा सोडून गुरे राखावयास गेले ते या सभेत बोलावयास नसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई येथे सहावीतील एका मुलीला शाळेत उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढावयास लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी दगावली. उठाबशा ही शिक्षा इतकी परिचयाची, की तिला शिक्षा म्हणण्याचेही कोणाला सुचत नसे.

परंतु माराचा संबंध आजच्या विषयाशी याहून खोल आहे. ज्या वर्गात "सर, माझं चुकलं नव्हतं" एवढे म्हणण्याची मुलाची प्राज्ञा नाही, त्या वर्गातली मुलगी "सर, मला हात लावू नका" कशी म्हणेल? मोठ्या माणसाचे सर्व काही निमूट सोसावे, हा धडा एकाच शाळेत सकाळी शिकवावयाचा आणि दुपारी तिच्याकडून धिटाईने तक्रारीची अपेक्षा करावयाची, हे जमणारे नाही. अत्याचार करणारा मनुष्य नवी भीती निर्माण करीत नसतो. शाळेने आणि घराने तयार करून ठेवलेलीच भीती तो वापरतो. म्हणून छडी हा किरकोळ प्रश्न समजून बाजूला टाकणाऱ्यांनी मोठ्या अपराधांवर व्याख्याने देऊ नयेत.

बालसुरक्षा म्हटले की एकच अपराध डोळ्यांपुढे येतो, हाही दोषच. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन या गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर मेले, तेव्हा त्या विषांची नावे वऱ्हाडच्या घराघरांत पोचली. ज्या मुलखात औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरण्याची सवय आहे, तेथे शाळेच्या स्वयंपाकघरात तेल कशातून येते, मुलांपूर्वी अन्नाची चव कोण घेतो, हे पाहण्यास कोणत्याही समितीची वाट बघावी लागत नाही. खिचडी शिजविणाऱ्या बाईला तुटपुंजे मानधन द्यावयाचे आणि जबाबदारी सारी तिच्या माथी मारावयाची, ही मात्र सुरक्षा नव्हे.

तसाच हजेरीपट. पिंजर, महान, धाबा या बाजूच्या गावांत कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे दिसले तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मुले शेतात आहेत, हे गुरुजींना माहीत असते; म्हणून रिकामी जागा डोळ्यांत खुपेनाशी होते. आणि एके दिवशी आठवीतली एखादी मुलगी वेचणी संपली तरी परत येत नाही. कोणी म्हणते मामाकडे गेली. नंतर कळते, लग्न झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावापुरता प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक असतो. त्याला कळविणारे पहिले माणूस वर्गशिक्षकच असू शकते. चार दिवस मूल आले नाही तर घरी जाऊन विचारणे, यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक संरक्षण अद्याप कोणी शोधलेले नाही. मुलीचे शिक्षण पुढच्या गावाच्या एसटीवर अवलंबून असते, आणि संध्याकाळची गाडी रद्द झाली की बाप दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवितो. डेपोत जाऊन त्या गाडीसाठी भांडणे हेही बालरक्षणाचेच काम आहे.

आता कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या दाराशी येऊ. खेड्यात असे प्रकरण निघाले की पहिला मनुष्य पोलीस ठाण्याकडे धावत नाही. तो पुढाऱ्याकडे येतो. "दादा, पोरीच्या जातीची गोष्ट आहे, बाहेर गेली तर लग्न जुळणार नाही. मास्तरची बदली करून टाका, मिटवा." आणि दादा मिटवितात. बदली म्हणजे शिक्षा नव्हे. दुसऱ्या गावच्या मुली त्या मनुष्याच्या हवाली करणे होय. मास्तर आपल्या संघटनेचा, संस्थाचालक आपल्या आघाडीचा, मुलगी दुसऱ्या मोहल्ल्याची, अशी गणिते समतेचे नाव घेणाऱ्यांनीही मांडलेली आहेत, हे कबूल केले पाहिजे. शिक्षकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीला आरोपीच्या न्याय्य चौकशीचा आग्रह जरूर धरता येईल. तक्रार दाबण्यात भाग घेता येणार नाही. या दोन गोष्टींतला फरक बारीक नाही, चांगला रुंद आहे.

काम कोठून धरावयाचे? शाळा व्यवस्थापन समितीपासून. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. प्रत्यक्षात अध्यक्ष कोण, हे बहुधा चावडीवर ठरते आणि बायांचे अंगठे नंतर रजिस्टरावर उमटतात. बार्शीटाकळीत मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत; दोन्हीकडच्या आयांची बैठक त्यांच्या त्यांच्या भाषेत, मजुरीवरून परतल्यानंतरच्या वेळी घेतली तरच त्या येतील व बोलतील. दुपारी बारा वाजता बैठक ठेवावयाची आणि मग माता उदासीन आहेत असा शेरा मारावयाचा, हा प्रकार बंद व्हावा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत एक फेरी मारावी. १०९८ हा क्रमांक भिंतीवर आहे काय, आणि तो तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, हे पाहावे. तक्रारपेटी मुलांच्या वाटेवर आहे की कार्यालयात, जेथे चिठ्ठी टाकणारा सर्वांना दिसतो, तेही पाहावे. ती पेटी मुख्याध्यापकांनी एकट्याने उघडावयाची नाही, पालकांच्या प्रतिनिधींसमक्ष उघडावयाची असते. तेव्हा शेवटी तिला कुलूप आहे काय आणि किल्ली कोणाकडे असते, एवढे विचारावे. आणि उत्तर देताना कोण कोणाकडे पाहतो, तेही ध्यानात ठेवावे.