कशावरून?

पायथागोरसचं नाव निघालं की आपण लगेच म्हणतो, "हे तर आमच्या बौधायनाने आधीच सांगितलंय!" खरं आहे, शुल्बसूत्रांत तो नियम आहे. बॅबिलोनच्या लोकांनाही तो पायथागोरसच्या हजारांहून अधिक वर्षं आधी ठाऊक होता. मग ग्रीकांनी काय केलं? त्यांनी विचारलं, "कशावरून?" इ.स.पूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या १३ खंडांत मोजक्या गृहीतकांवरून एकेक प्रमेय सिद्ध करून दाखवलं. हा नियम म्हणजे पहिल्या खंडातलं ४७वं प्रमेय. तेव्हा मुलांना बौधायन जरूर सांगा. पण त्यांनी "कशावरून?" विचारलं, तर "उलट विचारू नकोस" म्हणून गप्प बसवू नका. युक्लिडची सगळी भूमिती त्याच प्रश्नावर उभी आहे.