‘महाराष्ट्र’ या शब्दाची अक्षरे किती?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



आमच्या रविवारच्या मराठी वर्गात आम्ही मुलांना एक कोडे घातले. ‘कमल’ या शब्दाची अक्षरे जितक्या प्रकारे मांडता येतील, तितक्या प्रकारे संगणकाकडून मांडून घ्यावयाची. रीत अशी की, प्रत्येक अक्षरास आळीपाळीने पहिले स्थान द्यावे आणि उरलेल्यांची मांडणी ह्याच रीतीने करावी. एकच अक्षर उरले की थांबावे. ह्यास रिकर्शन म्हणतात. थांबण्याची अट लिहावयाची राहिली, तर यंत्र स्वतःलाच हाका मारीत सुटते. पहिल्या दिवशी आमच्या हातून नेमके तेच झाले! पुढे सहा ओळी नीट उमटल्या. त्यांत ‘कलम’ सापडले, म्हणून मुले खूश.

मग एका मुलीने ‘महाराष्ट्र’ घातले. म, हा, रा, ष्ट्र ह्या चार अक्षरांच्या 24 ओळी याव्यात, ही आमची अपेक्षा. पण ओळींचा लोंढा थांबेना. कोठे काना व्यंजनावाचून टिंबांच्या वर्तुळाला लटकलेला, कोठे भलत्याच अक्षराच्या डोक्यावर रफार. कारण युनिकोडात काना निराळा आणि जोडाक्षरातील हलन्तही निराळा. अशी ह्या शब्दात दहा चिन्हे होतात आणि त्यांच्या मांडण्या 36,28,800. काना, र आणि हलन्त दोनदा आल्याने त्यांत प्रत्येक ओळ आठ वेळा येते, ती गोष्ट वेगळी.

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त अंकपाशाच्या प्रकरणी नेमके हेच दोन आकडे भेटतात. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास मूर्तिभेद 36,28,800 आणि हरीच्या चार हातांतील चारांचे 24.

यंत्राला अक्षर कळत नाही, ह्याचे आम्हांस फारसे दुःख नव्हते. येथील शाळांतून मराठी नाही. आमच्या मुलांनाही जोडाक्षर कोठे संपते हे उमगत नव्हते, ते मात्र मनाला लागले. म्हणून नियम आम्ही सांगितला नाही, त्यांच्याकडूनच काढून घेतला. दोन रविवार गेले. मात्रा आणि अनुस्वार मागल्या व्यंजनास चिकटवावयाचे, हलन्तापुढचे व्यंजनही त्यातच ओढावयाचे, आणि उलटापालट त्यानंतर. ‘ष्ट्र’वर वाद बराच रंगला.

तिसऱ्या रविवारी 24 ओळी आल्या. त्या मुलीने सर्व मोठ्याने वाचल्या. शेवटची होती ‘ष्ट्रराहाम’. तेथे ती दोनदा अडखळली, हसली आणि पुन्हा वाचू लागली.