मुलगी विद्यापीठात जाते, तिच्यासोबत तिचा रंग आणि तिची बोलीही जाते

भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांतल्या बचत गटांना, ग्रामसंघांना आणि रोवणीहून नुकत्याच घरी येऊन हातपाय धूत रेडिओ लावलेल्या सगळ्या बायांना आमचा नमस्कार.

आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. जगातल्या काही विद्यापीठांमध्ये वर्षातला एक महिना काळ्या लोकांच्या इतिहासासाठी राखून ठेवतात. व्याख्यानं होतात, पुस्तकं मांडतात, गाणी होतात. वंशावरून, रंगावरून कुणाला कमी लेखायचं नाही, यासाठी तिथे नियम करतात. तुम्ही म्हणाल, आमच्या धानाच्या बांधीत याचं काय काम? काम आहे. बारावीचा निकाल लागला की आपल्या पोरी भंडाऱ्याला, नागपूरला, पुण्याला शिकायला जातात. तिथे वसतिगृहात पहिल्या आठवड्यात त्यांना काय काय ऐकावं लागतं, ते त्या सुटीत आल्या की आम्हाला सांगतात. "काळी" हे नाव पडतं. "पाणी" ऐवजी "पानी" म्हटलं की वर्ग हसतो. आडनाव विचारतात, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, आणि तरी कळलं नाही तर प्रवेश कोणत्या यादीतून झाला ते विचारतात. रंग, बोली, जात या तिन्ही काठ्या वेगळ्या दिसतात, पण वळ एकाच पाठीवर उठतात.

म्हणून आधी त्या लांबच्या लोकांची गोष्ट ऐकू.

आफ्रिकेतून लाखो माणसं पकडून, जहाजात कोंबून अमेरिकेत नेली आणि बाजारात विकली. कापसाच्या शेतात त्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलं. आईपासून लेकरू तोडून विकायचे. गुलामांनी अक्षर शिकू नये, असे कायदे तिथल्या अनेक राज्यांत होते. 1865 मध्ये गुलामी कायद्याने संपली, पण वेगळी शाळा, वेगळा नळ, गाडीत वेगळी जागा हे पुढे शंभर वर्षं चाललं. शाळेच्या पुस्तकांत या लोकांचा इतिहास कुठेच नव्हता. गुलामांच्या पोटी जन्मलेल्या आईबापांचा मुलगा, कार्टर वुडसन, मोठा इतिहासकार झाला. त्याने 1926 मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी ठरवला. पुढे आठवड्याचा महिना झाला. ज्याचा इतिहास पुस्तकात नाही, त्याच्याशी माणसं पुस्तकाबाहेरच्यासारखीच वागतात, हे त्याला कळलं होतं.

आता बघा, या गोष्टीचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत कसा येतो.

1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. आगगाडी नुकती कुठे धावू लागली होती त्या काळात पुण्यातला एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांचं दुःख ओळखतो आणि आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ते मांडतो. त्याच घरातल्या सावित्रीबाई मुलींना शिकवायला निघाल्या की अंगावर शेण पडायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. शिकायला निघालेल्या बाईच्या अंगावर काय फेकायचं, यात जगातल्या गावांनी एकमेकांची नक्कल केली की काय, असं वाटतं. त्याचं उदाहरण पुढे सांगतो.

1913 मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. ज्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलं, पाणी वरून ओतल्याशिवाय मिळालं नाही, तो तिथे सगळ्यांच्या सोबत एका टेबलावर बसून शिकला. पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज दिल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. भारतातल्या अस्पृश्यांसाठीही तसंच पाऊल उचलण्याचा विचार त्यांच्या मनात होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाची प्रत मागितली. ड्युबॉइस यांनी आपुलकीनं उत्तर पाठवलं. हेच बाबासाहेब 1954 मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. ते हरले, पण आपल्या जिल्ह्याच्या मातीला त्यांचे पाय लागले.

तिकडूनही माणसं इकडे आली. 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतले एक अस्पृश्य म्हणून. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातल्या काळ्या वस्त्यांची गरिबी आठवली, आणि ते म्हणणं खरंच आहे, हे त्यांना पटलं. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या लोकांना स्वतःच सांगितला. आणि 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

तर हा इतिहास परका नाही. आणि काळी माणसं फक्त अमेरिकेत होती असंही नाही, ती आपल्या महाराष्ट्रातही होती आणि आहेत. मलिक अंबर हे नाव ऐकलं असेल. आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपिया देशात जन्मलेला मुलगा. गुलाम म्हणून विकला गेला, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला आणि दख्खनला पोचला. स्वतःच्या हुशारीवर तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दमवलं. शिवरायांचे वडील शहाजीराजे 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्याने जमीन मोजून, पीक पाहून सारा ठरवायची पद्धत बसवली. 1610 च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवलं आणि जमिनीखालून नहर काढून घरोघर पाणी नेलं. तेच खडकी पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा, पाणी दारात आणणारा माणूस काय मोलाचा असतो. कोकणातल्या जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतले. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या जंगलात आजही सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी, कानडी मिसळलेली आहे. दिसण्यावरून त्यांना कुणी "कोणत्या देशाचे" असं विचारलं, तर ते काय सांगतील? शेकडो वर्षांपासून ते इथलेच आहेत.

आता विद्यापीठाकडे येऊ. मलिक अंबरने वसवलेल्या त्याच शहरात बाबासाहेबांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. तिथे 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. घरं जळली, माणसं मेली, एका नावासाठी. 1979 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. त्यात बायाही पायी निघाल्या होत्या. शेवटी 14 जानेवारी 1994 ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागलं. सोळा वर्षं लागली.

नावात एवढं काय असतं, असं विचारणारे पुष्कळ. त्यांना ऑथरिन लूसीची गोष्ट सांगावी. ती अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. 1952 मध्ये तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण ती काळी आहे हे कळताच प्रवेश रद्द झाला. ती कोर्टात गेली. लढून 1956 च्या फेब्रुवारीत वर्गात बसली. तिसऱ्या दिवशी जमाव जमला, तिच्यावर अंडी आणि दगड फेकले. सावित्रीबाईंची आठवण येते ना? विद्यापीठाने जमावाला आवरलं नाही, तिलाच काढून टाकलं, आणि कारण दिलं तिच्या सुरक्षेचं. मैत्रिणींनो, हे कारण आपल्या ओळखीचं आहे. रस्त्यावर टवाळ पोरं उभी राहतात आणि शाळा सुटते ती पोरीची. ऑथरिनची हकालपट्टी 1988 मध्ये रद्द झाली. ती पुन्हा त्याच विद्यापीठात गेली आणि 1992 मध्ये तिने आणि तिच्या लेकीने एकाच समारंभात पदवी घेतली. 2022 मध्ये तिथल्या एका इमारतीला तिचं नाव दिलं. आधी त्या इमारतीला ज्याचं नाव होतं तो काळ्या लोकांना छळणाऱ्या संघटनेचा पुढारी होता. दारावर कुणाचं नाव आहे, यावरून आत येणाऱ्या मुलीला कळतं, ही जागा आपली आहे की नाही.

आता आपल्या पोरींच्या कामाचं सांगतो, नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या.

राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. कलम 17 ने अस्पृश्यता संपवली. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध 1999 पासून कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2009 मध्ये रॅगिंगविरोधी नियम केले आणि 2016 मध्ये त्यात मोठी भर घातली. आता रंग, वंश, धर्म, जात, दिसणं, भाषा, कोणत्या भागातून आली, कुठे राहते, घरची परिस्थिती कशी, यावरून विद्यार्थ्याला छळणं, चिडवणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंग आहे. म्हणजे "काळी" म्हणून रोज हिणवणं ही गंमत नाही, नियमाने गुन्हा धरलेली गोष्ट आहे. झाडीबोलीवरून छळणंही त्यातच येतं. 2012 च्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे भेदभावाची तक्रार ऐकायला समान संधी कक्ष आणि त्यासाठी नेमलेला अधिकारी असायला हवा.

मुलीला कॉलेजात सोडायला जाल तेव्हा फीची पावती घेताना दोन गोष्टी विचारा: समान संधी कक्ष कुठे आहे, आणि रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे. आईने विचारलं की ऑफिसातल्या माणसालाही कळतं, या पोरीच्या मागे कुणीतरी आहे. देशभराचा रॅगिंगविरोधी फोन क्रमांक आहे 1800-180-5522. तो फुकट आहे, रात्रीही लागतो. काही झालं तर तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं, कुणी ऐकलं, हे त्याच दिवशी वहीत लिहायला मुलीला सांगा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे नवीन नाही.

पण कॉलेजच्या फाटकाबाहेरचं काम आपलंच आहे. पोरगी जन्मली की पहिला प्रश्न रंगाचा. स्थळ आलं की "पोरगी गोरी आहे का". रोवणीत दिवसभर उन्हात वाकलेल्या बाईची कातडी काळवंडते, त्याच हाताचा भात सगळे खातात, आणि त्याच रंगाला नाक मुरडतात. बाजारातल्या एका मोठ्या क्रीमने 2020 मध्ये आपल्या नावातून 'फेअर' शब्द काढला, म्हणजे कंपन्यांनाही लाज वाटू लागली. मग आपण का थांबायचं? गावात अजून कुणाला कपबशी वेगळी दिली जात असेल, तर शहरातल्या वसतिगृहाला बोल लावायचा आपला हक्क अर्धा होतो.

म्हणून आमची गटांना एक सूचना आहे. वर्षातल्या चार बैठका इतिहासाच्या करा. 3 जानेवारीला सावित्रीबाई. 14 जानेवारीला संक्रांतीचं वाण देताना नामविस्ताराची गोष्ट. फेब्रुवारीत ऑथरिन लूसी आणि मलिक अंबर. 14 एप्रिलला बाबासाहेब. शिकणारी मुलगी वाचेल, बाकीच्या ऐकतील. हवं तर झाडीबोलीत सांगू द्या. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून पुस्तकं लिहिली, तेव्हा ती हसण्यासारखी नाहीच. नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींनी आपल्या प्राचार्यांकडे असा एक दिवस मागावा. अर्जावर गटाचा शिक्का आम्ही देऊ.

पुढच्या बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं एकच प्रश्न घ्या: आपल्या गावातल्या कोणत्या मुलीला रंगावरून, बोलीवरून किंवा जातीवरून शाळा-कॉलेजात त्रास झाला, आणि तेव्हा तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? उत्तर "कुणीच नाही" असं आलं, तर कामाला लागायची जागा सापडली. काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच गावचं ऐकवू.

नमस्कार. जय ज्योती, जय क्रांती, जय भीम.