मलिक अंबरचे भाऊबंद



आज आपण ज्या नगरीत जमलो आहोत, तिचा पाया एका हबशाने घातला. इ. स. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसविली, भडकल दरवाजा बांधला आणि भुयारी नहरीने वस्तीत पाणी खेळविले. इथिओपियात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता झाला. १६२४ साली भातवडीच्या रणांगणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला; खुलताबादेस त्याची कबर आहे.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो. परंतु एक गुलाम राज्याचा कर्ता झाला म्हणून गुलामांचा बाजार काही बंद पडला नाही. एकाच्या थोरवीने सर्वांचा उद्धार झाला असे समजणे ही आपली जुनी खोड आहे.

गोव्याच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हळियाळ, अंकोला या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांत पोर्तुगीजांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज पुष्कळ आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरची बोली मात्र कोकणी. पिढ्यान्‌पिढ्या येथलेच असूनही ‘तुमचा देश कोणता?’ हा प्रश्न त्यांना चुकत नाही. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी. बेळगाव-धारवाडकडील सिद्दींना २०२० पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. त्या समाजाचे ते पहिले आमदार.

या दर्जाने काय साधते? शिष्यवृत्ती व राखीव जागा तर आहेतच. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यात इतर वनवासीयांना ७५ वर्षांच्या वस्तीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जमातींना ती अट नाही. रानात पिढ्या घालविलेल्या माणसापाशी कागद कोठून असणार?

याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. त्या समाजाने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली होती. तो अर्ज हक्कांसाठी होता, कौतुकासाठी नव्हता.

म्हणून माझे मागणे साधे आहे. काळ्या मुलाला ‘हबशी’ म्हणून कोणी चिडविले, तर त्याला तेथेच थांबवा. आफ्रिकेतून शिकायला आलेला विद्यार्थी खोली मागू लागला, तर इतरांना विचारता तेवढेच त्यालाही विचारा. आणि सिद्दींच्या जमिनीचा प्रश्न निघेल, तेव्हा तो परक्यांचा समजू नका. ज्याने वसविलेल्या गावात आपण राहतो, त्याच्या भाऊबंदांचे एवढे देणे आपण लागतो.