थकव्याची पाळी

21 ऑगस्ट 2017ची पहाट. सिंगापूरजवळ अमेरिकी युद्धनौका 'जॉन एस. मॅकेन' आणि एका तेलवाहू जहाजाची टक्कर झाली. 10 नौसैनिक गेले. प्रशिक्षणातल्या, देखरेखीतल्या उणिवा निघाल्याच. पण सुकाणूकक्षातल्या माणसांना आदल्या 24 तासांत सरासरी पाच तासही झोप मिळाली नव्हती, हेही चौकशीत दिसलं.

अंगावर वर्दी असो वा नसो, शरीर तेच. सलग 17 तास जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंदावतो, आणि बहुतेकदा त्याला ते कळतही नाही. हीच खरी भीती! रात्रपाळीची परिचारिका, मालगाडीचा लोको पायलट डोळे ताणून काम रेटतात, आणि आपण त्याला निष्ठा म्हणतो. त्या अपघातानंतर नौदलाने पहाऱ्याच्या पाळ्या झोपेच्या नैसर्गिक चक्राशी जुळवायला घेतल्या. आपल्याकडे ड्यूटी लावणाऱ्यांनीही आधी विश्रांतीचे तास मांडावेत.