धुक्यात पाडलेली वाट

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून भिलाईला उष्णतेचा तुटवडा असा कधी भासला नाही. म्हणूनच थंडीतील दाट धुके पाहून या नगरीत एक प्रश्न साहजिकच उद्भवतो: एवढी आग हाताशी असता तिने धुके का हटवू नये?

आगीने धुके हटते, हे सिद्ध झालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील काही विमानतळांवर धावपट्टीच्या दोन्ही कडांना नळांतून पेट्रोल जाळीत. ‘फायडो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेमुळे नोव्हेंबर १९४३ पासून युद्धसमाप्तीपर्यंत सुमारे २,५०० विमाने सुखरूप उतरली. मोहिमेवरून रित्या टाकीने परतणाऱ्या वैमानिकांना बहुधा दुसरा आसराच नसे. पेट्रोल पाण्यासारखे खर्ची पडे. पण शेवटचे विमान उतरेपर्यंत ज्वाला विझवून चालत नसे, कारण विझताच वाट बुजू लागे.

ती का बुजावी? १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प मावते, ११ अंशांना १० ग्रॅम. धुक्यातील जलबिंदूंचे वजन घनमीटरमागे बहुधा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तेव्हा एखाददुसऱ्या अंशाची ऊब पुरते. परंतु ऊब लागलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी बाजूची धुकट हवा शिरते. आगच धुक्याला आवतण देते म्हणा ना! वारा तर याहून निष्ठुर. पान जेमतेम हलावे असा, सेकंदाला दोन मीटरचा वारा, तीनशे मीटर रुंदीची मोकळीक अडीच मिनिटांत वाहून नेतो. निवळलेली असते ती हवा, जागा नव्हे.

शून्याखालील धुक्यावर शुष्क बर्फ टाकल्यास जलबिंदूंचे हिमकण होऊन खाली पडतात. तेथेही वारा सुटत नाही. म्हणून बीजारोपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला करावे लागते.

उत्तर भारतातील धुके बहुतेक शून्यावरचे. रितेश गौतम व मनोज सिंह यांनी २०१८ साली उपग्रहांच्या सतरा वर्षांच्या निरीक्षणांतून दाखविले, की गंगेच्या मैदानातील शहरे, विशेषतः दिल्ली, आपल्या उबेने धुक्यात भोके पाडतात. शहराची ऊब अखंड चालू असते. भट्टीची उष्णताही अखंडच, पण धुराड्यातून उंच गेलेली ती जमिनीलगतच्या थराच्या उपयोगी पडत नाही.

दिल्लीच्या विमानतळावर धुके हटविण्याऐवजी उपकरणांच्या साह्याने अवघ्या पन्नास मीटर दृश्यमानतेतही विमाने उतरविता येतात. तेथे धुके केव्हा धरते आणि केव्हा विरते, याची मोजमापे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून हाती घेतली.