दूरचे युद्ध आणि कुंडलचा माळ

(कुंडल येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विसाव्या शतकाच्या आरंभीचा इतिहास शिकविताना आपण सारायेव्हो, व्हर्साय, पेट्रोग्राड ही नावे मुलांकडून पाठ करवून घेतो. परीक्षा संपली की ती विसरली जातात. त्या घटनांची झळ आपल्या शिवारापर्यंत कशी पोहोचली, हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

१९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ३२ एकर जमीन व १० हजार रुपयांचे कर्ज दिले. माळावर निवडुंग माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे बेळगावी पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली होती. ती समजूत ओसरू लागली, तोच १९१४ साली महायुद्ध पेटले.

रणांगण युरोपात होते. पण कारखान्याला लागणारे कच्चे लोखंड विलायतेहून येत असे. ते येणे दुरापास्त झाले. त्या अडचणीत कोल्हापूरचे शाहू छत्रपती धावून आले. पन्हाळगडावरील जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. युरोपात लोखंडाच्या तोफा ओतल्या जात असताना, कुंडलच्या माळावर तोफांचे नांगर ओतले जात होते. एका ऐतिहासिक ठेव्याला आपण मुकलो, हे खरे. परंतु शेतकऱ्याचे औत थांबले नाही, हेही तितकेच खरे.

युद्धाची दुसरी झळ माणसांना लागली. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात रक्त सांडले. सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान कामी आले. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसे दगावली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थंडावल्या, तेव्हा आपल्याकडे घरोघर सुतक होते.

या साऱ्याच्या खुणा आजही काही गावांत सापडतात. युद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेल्या शिळा आहेत, १९१८ च्या मृत्यूंच्या नोंदवह्या आहेत, आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी आहेत. शिळांवर चुन्याचे हात बसतात, वह्यांना कसर लागते आणि आठवणी सांगणारी माणसे दरवर्षी कमी होतात.

म्हणून माझी विनंती आहे. पंचायतींनी या शिळा व वह्या जपाव्यात. शिक्षकांनी मुलांना घेऊन त्यांच्या नकला कराव्यात. आपल्याच गावच्या नोंदवहीत १९१८ चे पान उलटणाऱ्या मुलाला त्या सालाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागणार नाही.